एकच भाडं, दोघांना कबूल केलेलं

प्रश्न: मी 36 वर्षांचा आहे, पत्नीही नोकरी करते. राहतं घर आमचं आहे, त्यावर कर्ज नाही. भाड्याने देण्यासाठी एक नवं घर पाहिलं आहे. किमतीच्या 80 टक्के कर्ज मिळतं आहे, व्याज 9 टक्के. उरलेली रक्कम आणि नोंदणीचा खर्च आईच्या मुदत ठेवीतून करू, ती पुढच्या महिन्यात संपते. विकणारी कंपनी पहिली दोन वर्षं वर्षाला किमतीच्या 8 टक्के भाडं हमखास देणार आहे, त्यामुळे हप्ता भाड्यातूनच सुटेल. आईला ठेवीवर 7 टक्के व्याज मिळतं, तेवढे पैसे तिला दरमहा भाड्यातून देऊ. ती म्हणते, ‘माझं आहे ते तुझंच आहे.’ दहा वर्षांत किंमत दुप्पट होईल असा अंदाज आहे. इसार दिला आहे. कर्ज 15 वर्षांचं घ्यावं की 20? आणि घर रिकामं द्यावं की फर्निचर करून?

उत्तर: तुमचं पत्र इथे थोडक्यात दिलं आहे आणि तुमचे खरे आकडे छापत नाही. घराची किंमत 100 धरते आणि बाकी सगळं त्या प्रमाणात मांडते. आकडे ढोबळ आहेत, पण निर्णयाला पुरेसे आहेत.

आधी तुमचे दोन प्रश्न. 80 चं कर्ज 20 वर्षांत फेडलं तर वर्षाचा हप्ता 8.6 आणि एकूण व्याज 93. 15 वर्षांत फेडलं तर हप्ता 9.7 आणि व्याज 66. मुदतीआधी पैसे भरल्यास दंड नसेल, तर 20 वर्षांचं घ्यायचं आणि हात मोकळा होईल तसं मुद्दल फेडत जायचं. फर्निचर करू नका. पंखे, दिवे, कपाटं आणि स्वयंपाकघराचा ओटा नीट असला की पुरतं. सोफा-पलंगावर घातलेले पैसे वाढीव भाड्यातून वसूल होईपर्यंत सोफा-पलंगच मोडकळीला येतात.

आता तुम्ही जे विचारलं नाही त्याकडे येते. पत्रात एका वाक्यात हप्ता भाड्यातून सुटतो आणि पुढच्याच वाक्यात आईचे पैसेही भाड्यातून निघतात. भाडं एकच आहे. ते बँकेला दिलं तर आईला काय देणार? तुमच्यासारखी हिशेबी माणसंही इथे फसतात, कारण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी ठरलेल्या असतात. एक विक्रेत्याच्या कार्यालयात ठरते, दुसरी घरी आईशी बोलताना. दोन्ही कधी एका कागदावर येत नाहीत, म्हणून आज त्या एका कागदावर आणू.

त्या इमारतीत आज राहणारे भाडेकरू वर्षाला 3.5 देतात, हे तुम्हीच चौकशी करून कळवलं आहे. हा आकडा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा आहे आणि हिशेबात तुम्ही तोच वापरलेला नाही. वर्षातला एक महिना घर रिकामं धरा: भाडेकरू बदलतो, रंग द्यावा लागतो, नवा माणूस मिळायला वेळ जातो. 3.2 उरले. देखभाल, घराचा कर, विमा, दुरुस्ती आणि एजंटची दलाली मिळून 0.8. हातात 2.4 येतात आणि हप्ता 8.6 आहे. म्हणजे 6.2 तुमच्या पगारातून. आईच्या ठेवीतून 28 काढणार आहात, 20 घरासाठी आणि 8 नोंदणी, मुद्रांक वगैरेंसाठी. त्यावर 7 टक्क्यांनी तिचे वर्षाचे जवळपास 2 होतात. एकूण 8.2 तुम्हाला खिशातून घालावे लागतील. तुम्ही दोघं मिळून वर्षाला 4 वाचवता.

हमीची दोन वर्षं धरली तरी जुळत नाही. 8 मधून खर्च वजा जाता 7.2 राहतात. हप्त्याला 1.4 कमी पडतात, आईचे 2 मिळवून 3.4. म्हणजे पहिली दोन वर्षं तुमची जवळपास सगळी बचत यात जाईल आणि ओढाताण कोणाला दिसणार नाही. तिसऱ्या वर्षी 3.4 चे एकदम 8.2 होतील. व्याजदर बदलता आहे. तो 10 टक्क्यांवर गेला तर आणखी 0.6.

या हमीबद्दल मला राग आहे, आणि तो लपवत नाही. शेजारच्या इमारतीत एवढंच घर हमीशिवाय 90 ला मिळतं, असं तुम्ही लिहिलं आहे. बाजारभावाने भाडं 3.5, हमीने 8. फरक वर्षाला 4.5, दोन वर्षांचे 9. म्हणजे कंपनी तुमच्याकडून किमतीत 10 जास्त घेणार आणि त्यातले 9 तुम्हालाच भाडं म्हणून परत देणार. त्या 10 मधले 8 तुम्ही बँकेकडून 9 टक्क्यांनी आणणार आणि 20 वर्षं त्यावर व्याज भरणार. वर त्या फुगवलेल्या किमतीवर मुद्रांकही भरणार. याला भाडं म्हणायचं नसतं. हमीच्या करारावर सही कोणाची आहे तेही पाहा. विकणारी कंपनी एक आणि हमी देणारी दुसरीच, असं अनेकदा असतं. त्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर काहीच नसेल, तर तिने पैसे थांबवल्यावर तुम्ही मागणार कोणाकडे?

किंमत दहा वर्षांत दुप्पट व्हायची तर दरवर्षी न चुकता 7 टक्क्यांहून थोडी जास्त वाढावी लागते. काही ठिकाणी, काही काळात असं झालंही आहे. पण तुमचं घर पहिल्याच दिवशी बाजारभावाच्या 10 वर आहे, म्हणजे शर्यत मागून सुरू होते. आणि घरांच्या किमती उतरत नाहीत असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. जपानच्या मोठ्या शहरांत जमिनीचे भाव 1991 नंतर दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिले. अमेरिकेत 2006 ते 2012 या काळात घरांच्या किमती देशभरात सरासरी पाव भागाहून थोड्या जास्त उतरल्या. तिथेही लोकांनी 80 टक्के किंवा त्याहून जास्त कर्ज काढून दुसरी घरं घेतली होती, आणि त्यांनाही भाव चढतच राहतील असंच सांगितलं गेलं होतं.

घसरण तर सोडाच, किंमत जिथे आहे तिथेच राहिली तरी काय होतं ते पाहा. तिसऱ्या वर्षी हप्ता झेपेना म्हणून घर विकायला काढलंत. बाजारात 90 मिळाले, दलाली आणि खर्च 2, उरले 88. दोन वर्षं हप्ते भरूनही कर्ज 77 बाकी असतं, कारण सुरुवातीचे हप्ते बहुतेक व्याजातच जातात. हातात 11. आईचे 28 होते.

माझा जीव इथे अडकतो. घर विकलं की बँक आधी स्वतःचे पैसे घेते. जे कमी पडतं ते सगळं आईच्या वाट्याला येतं. या व्यवहारात सगळ्यात जास्त धोका ती उचलते आहे, आणि घराच्या कागदावर तिचं नावसुद्धा नाही. ती 67 वर्षांची आहे. तुम्ही तोटा पुढच्या पंचवीस वर्षांच्या पगारातून भरून काढाल. तिला ती वर्षं पुन्हा कमवायला मिळणार नाहीत. ठेवीच्या व्याजावर तिचा महिना चालतो आणि आजारपण आलं तर ती ठेव मोडायची असते. घराची एक भिंत विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

‘माझं आहे ते तुझंच आहे’ हे ती प्रेमाने म्हणाली. वर लिहिलेले आकडे तिला कोणी दाखवले होते का? 28 चे 11 होऊ शकतात, हे ऐकूनही ती तेच म्हणेल कदाचित. आईच ती. म्हणून तर नाही म्हणायची जबाबदारी तुमच्यावर येते.

मग भाड्याचं घर घ्यायचंच नाही का? घ्या, पण तुमच्या पैशांनी आणि तुमच्या मापाचं. आजच्या बाजारभावाने निम्म्या आकाराचं घर 45 ला मिळेल. खर्च जाऊन भाडं साधारण 1.2 हाती येईल. तुमच्या 4 च्या बचतीतले 2 त्यात घाला, उरलेले 2 मुलांसाठी आणि म्हातारपणासाठी राहू द्या. 3.2 च्या वार्षिक हप्त्यात साधारण 30 कर्ज बसतं. पदरचे 15, नोंदणी वगैरे 3.6 आणि सहा महिन्यांचा हप्ता बाजूला ठेवायला 1.6, मिळून 20 लागतील. वर्षाला 4 म्हणजे पाच वर्षं. तोवर किमती निघून जातील ही भीती मला कळते. गेल्या तर आणखी लहान घर घ्याल किंवा एखादं वर्ष जास्त थांबाल. पण त्या सहा महिन्यांच्या हप्त्याशिवाय घेऊ नका. ज्याच्याकडे एकच घर असतं त्याला भाडं एकतर पूर्ण मिळतं नाहीतर शून्य, दहा घरांच्या मालकासारखं सरासरीत काही भागत नाही. भाडेकरू गेल्यावर खिशात काही नसलेला मालक पहिल्या येईल त्याला किल्ली देतो, आणि तिथून पुढची भांडणं सुरू होतात.

या पाच वर्षांत एक काम करा. जिथे घ्यायचं आहे त्या भागातल्या दहा-पंधरा भाडेकरूंशी बोला. जाहिरातीतलं भाडं आणि खरं भाडं यात किती फरक आहे, घर किती दिवस रिकामं पडलं, पाणी किती वेळ येतं, मागचा मालक डिपॉझिट परत देताना का भांडला, हे सगळं तेच सांगतील. एक फेरी रात्री मारा. जुना भाडेकराराचा कागद पाहायला मिळाला तर एजंटच्या तोंडी आकड्यापेक्षा त्यावर विश्वास ठेवा. तुमचं घर झालं की भाडेकरू ठेवताना त्याच्या आधीच्या मालकाला फोन करा. सध्याचा मालक त्रासलेला असेल तर सुटका व्हावी म्हणूनही चांगलं बोलतो. करार लेखी करा आणि किल्ली देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो दोघांच्या समोर काढा.

इसार तुम्ही 1 दिला आहे. पावतीमागच्या अटी वाचा आणि व्यवहार रद्द करायचा आहे, रक्कम परत द्या, असं लेखी मागा. परत मिळाली नाही तर तो 1 गेला असं समजा. वाचवायला म्हणून पुढे 100 अडकवू नका. विक्रेत्याचा माणूस फोन करील, आणखी सहा महिन्यांची हमी वाढवून देतो म्हणेल. हिशेब तोच राहतो, किंमत तेवढीच फुगलेली असते.

आईची ठेव पुढच्या महिन्यात संपते आहे. ती पुन्हा तिच्याच नावाने ठेवा, एकाच ठेवीऐवजी तीन-चार तुकड्यांत, म्हणजे अडीनडीला सगळी मोडावी लागणार नाही. व्याज दरमहा थेट तिच्या खात्यात जमा होईल असं सांगा आणि बँकेत जाताना तिला बरोबर घेऊन जा.