जहाज गणपतीपासून तिथेच का आहे?

ताई,

माझं वय साठ, ह्यांचं सदुसष्ट. हे गोदीत नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर फिरू, देवदर्शनं करू असं ठरलं होतं. त्याऐवजी ह्यांनी लाकडाची जहाजं करायला घेतली. आधी दोन छोटी केली, ती शोकेसमध्ये आहेत. आता पाच वर्षं एकच मोठं चाललंय, दोन-सव्वादोन फुटांचं, त्रिंकोमाली नावाचं कुठलं तरी इंग्रजांचं जहाज. आतली खोली त्यातच गेली. लाकडाचा भुसा, नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, जुन्या सागवानी खिडक्यांचे कुठून कुठून आणलेले तुकडे. हल्ली आणखी एक टेबललॅम्प आणलाय, एका टेबलावर दोन दिवे! पुतणीच्या लग्नालाही आले नाहीत, जहाजाचं काम आहे म्हणाले. मी एकटी जाऊन आले. लोक विचारतात, त्यांना काय सांगू? घरातही सकाळ-संध्याकाळ खोलीतच. चहासुद्धा अर्धाच कप मागतात आणि तो आत नेऊन पितात. एवढं करून जहाज तर गणपतीपासून आहे तिथेच आहे, नुसत्या दोऱ्या बांधायच्या राहिल्यात. मी स्पष्ट सांगितलंय, हा पोरखेळ बंद करा, नाहीतर एक दिवस सगळं भंगारवाल्याला देऊन टाकीन. मुलगा म्हणतो, बाबांना त्यांचं सुख घेऊ दे. मग माझ्या सुखाचं काय? मी चुकतेय का?

— एक वैतागलेली गृहिणी, ठाणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुमच्यासमोर ठेवते. रागाच्या भरात ते लिहून तुम्ही पुढे गेलात: ‘जहाज तर गणपतीपासून आहे तिथेच आहे.’

आता होळी आली. जो माणूस पाच वर्षं थांबला नाही, तो सहा महिने रोज दिवे लावून त्याच टेबलाशी बसतो आणि काम पुढे सरकत नाही. तुम्हाला हे वेड वाटतं. वेड असतं तर जहाज एव्हाना पुरं झालं असतं! मला वाटतं, तुमच्या मिस्टरांना ते काम जमेनासं झालंय आणि हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलेलं नाही.

राहिलंय काय, तर ‘नुसत्या दोऱ्या’. या ‘नुसत्या’ दोऱ्या म्हणजे काय असतं ते ऐका. डोलकाठीच्या माथ्यावरून जाड दोर दोन्ही अंगांना खाली उतरतात. प्रत्येक दोराच्या टोकाला तीन भोकांची चपटी लाकडी गोटी असते. खाली जहाजाच्या कडेला तशीच दुसरी. या दोन गोट्यांमधून बारीक दोरी ओवून ताण द्यायचा. एका बाजूचा ताण कमी-जास्त झाला की डोलकाठी कलते. मूळ जहाजाची तोफांची डेक सुमारे १५० फूट लांब आहे. तुमच्या घरातलं त्याच्या साधारण सत्तराव्या हिश्श्याचं, म्हणजे त्यातल्या मोठ्यात मोठ्या गोट्याही तुरीच्या डाळीएवढ्या असणार, आणि त्या डाळीत तीन भोकं. एवढं झालं की त्या उभ्या दोरांवर आडवे दोर घालायचे, खलाशांना चढून जायला. प्रत्येक आडवा दोर प्रत्येक उभ्या दोराला खुंटगाठीने बांधायचा. दोन आडव्या दोरांमध्ये जेमतेम अर्धा सेंटीमीटर जागा. दोऱ्याला आधी मेण चोळायचं म्हणजे त्याची कुसं उभी राहत नाहीत. मग चिमट्याने टोक धरायचं, मागून फिरवून आणायचं आणि श्वास रोखून ओढायचं. जरा जास्त ओढलं तर उभे दोर आत खेचले जातात, सगळी शिडी मधे बारीक होते, मग कापून पुन्हा पहिल्यापासून. तीन डोलकाठ्या, दोन्ही बाजू आणि वरचे टप्पे धरले तर गाठी हजाराच्या वर जातात.

फळ्या बसवताना हात जरा हलला तरी निभावतं. पकड असते, टाचण्या असतात, नंतर पॉलिशपेपर मारता येतो. दोरकामात हाताखाली काहीच नसतं, सगळं अधांतरी. तिथे नजर लागते आणि स्थिर हात लागतो, आणि यातलं एक जरी गेलं तरी माणूस नुसता बसून राहतो.

आता तुमचं पत्र तुम्हीच पुन्हा वाचा. अर्धा कप चहा. भरलेला कप थरथरत्या हातात सांडतो, म्हणून अशी माणसं कप अर्धाच घेतात, आणि कुणी बघू नये म्हणून आत नेऊन पितात. पुतणीचं लग्न. बुफेमध्ये एका हातात ताट, त्यात डुचमळणारी आमटीची वाटी, आणि समोर सगळे नातेवाईक. मीही गेले नसते. दोन दिवे. मोतीबिंदू वाढायला लागला की कितीही उजेड केला तरी पुरत नाही, दिव्याभोवती नुसती तिरीप दिसते, रंग फिकट आणि पिवळट होतात. तुम्ही या तिन्ही गोष्टी तक्रार म्हणून लिहिल्यात. मला त्यात एक माणूस काहीतरी लपवताना दिसतो.

मी डॉक्टर नाही. डोळे की हात, की दोन्ही, की भलतंच काही, हे तपासल्यावर कळेल. माझा अंदाज चुकीचा निघाला तर मला आनंदच होईल. पण जहाज सहा महिने तसंच आहे हे तुम्हाला दिसलं, लक्षातही राहिलं, आणि का, हे मात्र तुम्ही विचारलं नाहीत.

आता जरा कडू बोलते. एकाच घरात राहून त्यांनी तुम्हाला हे का सांगितलं नसेल? कारण तुमच्या घरात हे जहाज बंद पडणं म्हणजे तुमची जीत ठरलीये. पोरखेळ बंद करा, असं तुम्ही म्हणत आलात. उद्या ते म्हणाले, ‘अगं, आता जमत नाही,’ तर तुमच्या तोंडून पहिलं काय निघेल? ‘बरं झालं, सुटलो एकदाचे.’ ते वाक्य त्यांना आत्ताच ऐकू येतंय. म्हणून ते रोज खोलीत जातात आणि काम चालू असल्यासारखे बसतात. ज्या गोष्टीने त्यांना रात्रीची झोप येत नसेल, तीच तुम्हाला सांगायची त्यांना चोरी झालीये.

आणि ‘कुठलं तरी इंग्रजांचं जहाज’ हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. पाच वर्षं ते तुमच्या घरात आहे. त्रिंकोमाली मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं, वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींच्या हाताखाली. १८१६ साली काम सुरू झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ला ते पाण्यात उतरलं. त्याचे आराखडे इंग्लंडहून जावा नावाच्या जहाजातून निघाले होते. १८१२च्या डिसेंबरात ते जहाज अमेरिकेशी लढताना गेलं, त्याबरोबर आराखडेही गेले, आणि दुसरी प्रत पाठवावी लागली. जहाज पुढे शंभर वर्षांनंतरही पोरांना दर्यावर्दीपण शिकवायला वापरात होतं, आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. एवढं टिकलं त्याचं मोठं कारण, ते आपल्याकडच्या सागवानाचं आहे.

आता कळलं का त्या जुन्या खिडक्या कशाला? नमुने करणारे लोक सागवानाच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्याचे रेषे जाड, बारीक पट्टी कापताना चिरफळी उडते, पात्याची धार बघता बघता जाते, आणि लाकूड तेलकट असल्यामुळे गोंद नीट धरत नाही. फळी चिकटवायच्या आधी तिचं अंग अॅसिटोनने पुसून तेल काढावं लागतं. तुमच्या घरातला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास बहुतेक तोच. सोपं लाकूड बाजारात मिळत असताना तुमच्या मिस्टरांनी खरं जहाज सागवानी होतं म्हणून सागवानच घेतलं. जन्मभर गोदीत काम केलेला माणूस गोदीतच बांधलेलं जहाज त्याच लाकडात पुन्हा उभं करतोय, एकेक पट्टी गरम पाण्यात भिजवून, वाकवून. याला तुम्ही पोरखेळ म्हणालात. बाई, पोरं पाच वर्षं एका खेळात टिकत नाहीत.

मुलाचंही मला कौतुक वाटत नाही. बाबांना सुख घेऊ दे म्हणणं सोपं. सुख चाललंय की नाही हे त्यानेही आत जाऊन पाहिलेलं दिसत नाही.

तर आता एकच करायचं. येत्या सोमवारी सकाळी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि मिस्टरांना घेऊन जा. कसं सांगायचं तेही सांगते, कारण तिथेच तुम्ही घसराल. ‘तुम्हाला काय होतंय’ असं विचारू नका, ‘काही नाही’ हे उत्तर तयार आहे. अर्ध्या कपाचा विषय काढू नका. लाज वाटेल आणि दार पुन्हा लागेल. खोलीत जा, बसा, आणि म्हणा: ‘हे जहाज पुरं झालेलं मला बघायचंय. डोळे-हात एकदा दाखवून येऊ, मी बरोबर येते.’ बास. जहाजाच्या नावाने गेलात तर ते येतील. तब्येतीच्या नावाने गेलात तर टाळतील.

डॉक्टरांना दोन्ही सांगा, दोरा दिसत नाही का आणि हात थरथरतो का. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दम्याचा पंप असेल तर तोसुद्धा पिशवीत घालून न्या. थायरॉइडमुळे हात कापतो, काही औषधांमुळेही कापतो. उतारवयात कप उचलताना, सही करताना हात थरथरणं पुष्कळांना असतं आणि बऱ्याच जणांना त्यावर औषध लागू पडतं. हात मांडीवर स्वस्थ असतानाच हलत असेल, चालणं-बोलणं मंदावलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतील, आणि तिथे लवकर गेलेलं चांगलं. मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रिया बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत होते आणि त्याच दिवशी घरी सोडतात. यातल्या कशालाच घाबरून सहा महिने दिव्याखाली बसायची गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र करू नका. निदान कळल्यावर लगेच ‘आणा इकडे, मी बांधून देते गाठी’ असं म्हणू नका. तुम्हाला ती माया वाटेल, त्यांना तो निकाल वाटेल. मनगट टेकवायला लाकडी ठोकळा ठेवून, भिंगाखाली, औषध घेतल्यावर किती जमतं हे आधी त्यांना बघू दे. आपण होऊन मागितलं तर दोरा धरा.

आता तुमचा प्रश्न. चुकताय का? हो, चुकताय. एकटं वाटण्यात तुमची चूक नाही. तुमच्या फिरण्याचं, ठरवून राहून गेलेल्या देवदर्शनांचं दुःख खरं आहे, आणि त्यावर मी काही लिहिलं नाही ते मुद्दामच. तो हिशेब नवरा-बायकोने समोरासमोर बसून करायचा असतो, आणि तुमच्यातला एकजण सध्या समोर येऊन बसायलाच घाबरतोय.

भंगारवाल्याचं जे बोललात ते सोमवारच्या आधी मागे घ्या. मनातल्या मनात नको, त्यांना ऐकू जाईल असं. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, मी वाट बघतेय.