तारण ‘गमावणे’ आणि विसार बुडणे

प्रश्न असा आहे : ‘ख्रिस्तावर विश्वासणारा माणूस तारण, म्हणजे पापातून मिळालेली मुक्ती, गमावू शकतो का, यावरून आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वाद झाला. तो वाद राहू द्या, पण “तारण गमावणे” हे मराठी बरोबर आहे का? आणि बँकेत ठेवतात ते तारण हेच का?’

दुसरे आधी उरकतो. हो, हेच. कर्ज थकले तर जी वस्तू सावकाराला तारते ती तारण. तॄ धातू, अर्थ ओलांडणे, पार होणे. मात्र यावरून ‘मिशनऱ्यांनी सावकारी शब्द चर्चमध्ये आणला’ असे जे ठोकून दिले जाते ते कृपा करून बंद करा. मिशनरी विल्यम कॅरीचा मराठी नवा करार सेरामपूरला छापला गेला १८११ साली. भवसागर तरून जाण्याची भाषा त्याच्या कितीतरी शतके आधी अभंगांत रुळलेली होती.

आता ‘गमावणे’. व्याकरणाने चूक म्हणता येणार नाही, पण कानाला खटकते. गमावतात ती हातातली वस्तू : नोकरी, पैसा, संधी. तारण ही खिशात ठेवायची चीज नव्हे, ते पैलतीराला लागणे आहे. नव्या करारातली पत्रे लिहिणारा प्रेषित पौल तर ते तिन्ही काळांत सांगतो : तारण झाले आहे, होत आहे, होईल. मधल्या धारेत असलेल्याने काय गमावायचे? तो बुडेल फार तर. तरण्याच्या उलट बुडणेच. मराठी बायबलात १ तीमथ्य १:१९ उघडून पाहा, विश्वास सोडलेल्यांचे ‘विश्वासरूपी तारू फुटले’ असे आहे. तारू आणि तारण एकाच धातूचे! ग्रीकमध्ये नुसते जहाज फुटते, तारणाच्या शब्दाशी त्याचे काही नाते नाही. हे नाते मराठीने फुकटात दिले.

पण खरी गंमत पुढेच आहे. इफिसकरांस पत्रात (१:१४) पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा ‘विसार’ म्हटले आहे. घर घेताना विसारपावती करतो, तोच विसार. मूळ ग्रीक शब्द अर्राबोन. तो ग्रीकांचा नव्हे, सेमिटिक भाषांतून आलेला. अरबीत उर्बून म्हणजे विसारच, आणि आजच्या ग्रीकमध्ये अर्रावोनास म्हणजे चक्क साखरपुडा. इब्रीत (हिब्रूत) तो एराबोन, आणि बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात त्याची अशी गोष्ट आहे की मी ती कुणालाही थांबवून ऐकवतो.

यहूदाने आपल्या विधवा सुनेला, तामारला, ओळखले नाही. तोंड झाकून वाटेवर बसलेली ती त्याला वेश्या वाटली. मोल ठरले एक करडू, पण करडू बरोबर नव्हते. ते पाठवीपर्यंत एराबोन काय ठेवतोस, असे तिने विचारले आणि त्याची मुद्रा, दोरी आणि हातातली काठी ठेवून घेतली. पुढे ती गरोदर असल्याचे कळताच सासरेबुवांनी तिला जाळायचा हुकूम सोडला. तिने त्या वस्तू पुढे केल्या : ‘या कोणाच्या ते ओळखा.’ जीव वाचला. गहाण ठेवलेल्या वस्तूने माणूस तारला! तारण शब्दाचे दोन्ही अर्थ एका गोष्टीत, आणि तेही मराठीचा गंध नसलेल्या भाषेत. यावर कोशकार एक अक्षर लिहीत नाहीत.

फरक एवढाच की तामारकडचा एराबोन गहाण होता, करडू पोचले की परत जायचा. पौलाचा अर्राबोन परत जात नाही, तो किमतीतलाच पहिला हप्ता. म्हणून मराठी भाषांतरकाराने तिथे गहाण न लिहिता विसार लिहिले. पक्का व्यवहारी माणूस असणार.

मंडळीतल्या वादाचे म्हणाल तर तो चारशे वर्षांचा जुना आहे. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली हा मुद्दा खुला ठेवला होता, शास्त्र आणखी तपासू म्हणाले. नेदरलँड्समधल्या प्रॉटेस्टंटांच्या डॉर्टच्या सभेने (१६१८–१९) ठरवून टाकले : निवडलेल्यांना देव शेवटपर्यंत राखतो. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४७ मध्येच उलटे सांगितले होते : मिळालेली कृपा महापापाने जाते, पण पश्चात्तापाच्या संस्काराने परत मिळते. गोव्यात त्यालाच कुमसार म्हणतात.

या एवढ्या विद्वानांनी विसाराचा व्यवहार नीट पाहिला असता तर बरे झाले असते. व्यवहारातून अंग काढले तर विसार बुडतो तो देणाऱ्याचा. इथे देणारा देव. त्याने माघार घेतली तर त्याचाच आत्मा बुडीत खाती जाणार, तेव्हा तो घेणार नाही. इथवर डॉर्टवाले खूश होतील. पण जुन्या ग्रीक व्यवहारात विसार घेणारा फिरला तर त्याला विसाराची दुप्पट रक्कम भरावी लागे. इब्री लोकांस पत्रातली (१०:२९) त्या आत्म्याला धिक्कारणाऱ्यांसाठीची ‘किती अधिक कठोर दंड’ ही धमकी मला या कलमासारखी वाजते. अभ्यासक हे मान्य करणार नाहीत. न करोत.

तेव्हा ‘तरणे’ आणि ‘बुडणे’ वापरा, ‘गमावणे’ पाकिटासाठी ठेवा. आणि हो, इसार म्हणा किंवा विसार म्हणा, दोन्ही चालतात. ‘विसर’ मात्र नको. एका छापील उपासनापत्रिकेवर ‘देवाने आपल्याला आत्म्याचा विसर दिला आहे’ असे मी वाचले आहे.