अमेरिकन दिग्दर्शक पीटर सेलर्सचे (विनोदी नट तो वेगळा) ऑपेरा व्हिडिओवर बघायचे तर सुरुवात कुठून करावी?

डोळे झाकून मोत्झार्टपासून. 1990 च्या सुमारास त्याने मोत्झार्टचे तीन ऑपेरा टीव्हीसाठी शूट केले, त्यातला 'डॉन जिओव्हान्नी' आधी बघा, गोष्ट उचलून न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेममधे आणलीय आणि मालक-नोकराच्या रोलमधे खरेखुरे जुळे भाऊ घेतलेत, त्यामुळे कपडे बदलून फसवायचा सीन एकदम पटतो. 'फिगारो' ट्रम्प टॉवरमधे घडतो, तो नंतर बघितला तरी चालेल. मग हँडेलचा 'थिओडोरा', इंग्लंडच्या ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवातला, 1996 चा, शेवटी थिओडोरा आणि तिचा प्रियकर डिडिमस दोघांना स्ट्रेचरवर बांधून विषाचं इंजेक्शन देतात, अक्षरशः बघवत नाही. डॉक्युमेंट्री हवी असेल तर 'वंडर्स आर मेनी', सेलर्सचा अणुबाँबवरचा ऑपेरा 'डॉक्टर अ‍ॅटॉमिक' कसा उभा राहिला ते त्यात आहे, आणि हो, त्या ऑपेरात कोरस चक्क गीतेतलं विश्वरूपदर्शन गातो!