हायडी या जर्मन नावाला काही अर्थ आहे का?

जर्मनीतल्या तुमच्या भाचीचं नाव हायडी ठेवलंय आणि आजी विचारतायत, 'याला काही अर्थ आहे, की नुसतंच लाडाचं?' आजींना सांगा, दोन्ही. हायडी हे आडेलहाइड या जुन्या नावाचं लाडाचं रूप.

आडेलहाइडमध्ये दोन शब्द जोडलेत. 'आडाल' म्हणजे थोर कुळातलं आणि 'हाइट' म्हणजे रूप, प्रकार. मी जर्मन शिकवते. फ्रायहाइट म्हणजे स्वातंत्र्य, श्योनहाइट म्हणजे सौंदर्य, क्रांकहाइट म्हणजे आजारपण, आणि सगळे शब्द स्त्रीलिंगी, हे आमची मुलं घोकत असतात. आपल्या '-पणा'सारखाच हा प्रत्यय झालाय, पण एके काळी तो स्वतंत्र शब्द होता आणि तो संस्कृत 'केतु'च्या नात्यातला! केतु म्हणजे तेज, खूण. मूळ 'क'चा जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळात, 'ह' झाला, तोही ठरलेल्या नियमाने. मात्र नाव संस्कृतातून तिकडे गेलं असं कृपया कुणाला सांगू नका. दोन्ही शब्द एकाच पूर्वज भाषेची लेकरं आहेत.

नावाला मान मिळवून दिला तो एका बाईने. ९३१च्या सुमारास बर्गंडीच्या राजघराण्यात आडेलहाइड जन्मली आणि विशीच्या आतच विधवा झाली. इटलीची गादी घेणाऱ्या बेरेंगारने तिला कोंडून ठेवलं. ती निसटली, ९५१ मध्ये जर्मन राजा ऑटोशी लग्न केलं आणि ९६२ मध्ये रोमला सम्राज्ञी झाली. पुढे अल्पवयीन नातवाच्या वतीने कारभारही पाहिला. त्या काळातल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला क्रूस आहे, दुसऱ्या बाजूला छोटंसं चर्च आणि त्याभोवती तिच्या नावाची अक्षरं. मला ती नाणी फार आवडतात.

हेच नाव फ्रेंचांच्या तोंडी झिजत झिजत अ‍ॅलिस झालं. क्रिकेटमुळे आपल्याला पाठ असलेलं अ‍ॅडलेडही तेच. १८३६ मध्ये वसलेल्या त्या शहराला इंग्लंडच्या राणीचं नाव दिलं आणि ती जन्माने जर्मन होती.

हायडी हे रूप जगभर पोचवलं ते योहाना श्पीरी या स्विस लेखिकेने, १८८०च्या आसपास. तिच्या 'हायडी' या गोष्टीतल्या डोंगरातल्या पोरीला शहरातली कडक कारभारीण आवर्जून आडेलहाइड म्हणूनच हाक मारते. तुमच्या भाचीवर ती वेळ येणार नाही. जर्मनीत आता हायडी हे स्वतंत्र नाव म्हणूनही ठेवतात.