सलीम अलींचे वटवाघूळ: वाचकांचे प्रश्न

आमच्या गावच्या वडावर शेकडो वटवाघळे लटकलेली असतात. मग सलीम अलींच्या नावाचे वटवाघूळ दुर्मीळ कसे? (सातारा)

तुमच्या वडावरची ती मोठी जात. पंख पसरले की चार फुटांपर्यंत भरते आणि माणसांच्या वस्तीशेजारी बिनघोर राहते. पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या नावाचे वटवाघूळ तिच्यापुढे लहानखुरे. त्याला बाहेरून शेपूट दिसत नाही आणि ते दिवसा डोंगरातल्या गुहांत राहते.

१९४८ मध्ये तमिळनाडूतल्या मेघमलाईच्या डोंगरात निसर्ग अभ्यासक अँगस हटन यांना ते मिळाले. नमुना मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आला आणि आखूड नाकाचे साधे वटवाघूळ म्हणून तिथेच राहिला. १९७२ मध्ये थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी त्याचे दात नीट पाहिले. खालच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एकच जोडी! ही नुसती नवी जात नव्हती, प्रजातीच (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) वेगळी होती, आणि त्या प्रजातीत आजही ही एकच जात आहे. जिवंत प्राणी अभ्यासकांना पुन्हा सापडला तो १९९३ मध्ये. सलीम अली त्याआधीच, १९८७ मध्ये गेले होते. मला याची फार चुटपुट लागते.

ते नेमके कुठे राहते? सह्याद्रीत आपल्याकडे सापडेल का? (ठाणे)

आपल्याकडे त्याची नोंद नाही. तमिळनाडूतली मेघमलाई आणि कळक्काड-मुंडनथुराईची जंगले, आणि केरळातले पेरियार, एवढाच पश्चिम घाटाचा दक्षिण भाग त्याचा मुलूख. त्याला दोन गोष्टी जवळजवळ लागतात: दिवसाला गुहा आणि रात्री फळे देणारे सदाहरित जंगल. उंबराच्या आणि रुद्राक्षाच्या कुळातल्या रानझाडांची फळे ते खाते आणि बिया लांब नेऊन टाकते. चहा, कॉफी, वेलदोड्याच्या मळ्यांसाठी ही झाडे गेली की गुहा शाबूत असूनही तिचा उपयोग उरत नाही. म्हणून २०२१ मध्ये श्रीविल्लीपुथूर-मेघमलाई व्याघ्र प्रकल्प झाला याचा मला मनापासून आनंद आहे. वाघासाठी राखलेले जंगल या जिवालाही लागतेच. पण गुहेत शिरून त्रास देणे थांबले नाही, तर नुसते जंगल राखून भागणार नाही.

वटवाघळाच्या मांसाने दमा बरा होतो का? (सोलापूर)

नाही. या समजुतीपायी या दुर्मीळ जातीचीही शिकार झाली आहे. दम्याला डॉक्टरांनी दिलेले औषधच घ्या. शिवाय वटवाघळे पकडताना, सोलताना त्यांच्यातले आजार माणसाला लागू शकतात.

चिकूच्या बागेत वटवाघळे येतात. मारली तर चालते ना? (पालघर)

नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फलाहारी वटवाघळे कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत होती. सलीम अलींचे तेवढे पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवींची ती अनुसूचीच काढून टाकली, त्यामुळे मारण्याची ती जुनी मोकळीक आता नाही. तयार चिकू वेळेवर उतरवा, झाडावर पिकू देऊ नका. जाळे लावायचेच असेल तर जाड दोऱ्याचे, बारीक घरांचे घ्या आणि झाडापासून थोडे दूर, ताणून बसवा. सैल नायलॉनच्या जाळ्यात पंख अडकून वटवाघळे मरतात, घुबडेही मरतात. काही अडकले तर उघड्या हाताने सोडवू नका, वन विभागाला १९२६ वर कळवा.