साइटवरची नऊ वर्षं अशी सोडू नकोस

प्रश्न: ताई, मी सिव्हिल इंजिनिअर. महाराष्ट्रात नऊ वर्षं साइटवर काम केलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅनडात, ब्रॅम्प्टनला आले. इथे एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे ड्रॉइंग आणि कागदपत्रं सांभाळते. परवा स्लॅब भरायच्या आधी सळयांना कव्हर, म्हणजे त्यांच्यावर काँक्रीटचा थर बसायला सोडलेली जागा, कमी दिसलं म्हणून सांगितलं, तर सुपरिटेंडंट म्हणाला, "तू कागद सांभाळ." घरचे म्हणतात, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर आणि आयटीत जा. काय करू?

उत्तर: पत्र वाचून मला त्या माणसाचा राग आला. कव्हर कमी पडलं की पाणी आणि मीठ सळईपर्यंत लवकर पोचतं आणि ती गंजते, आणि कॅनडात तर हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. गाड्यांच्या चाकांना लागून ते पार्किंगच्या स्लॅबवर येतं. म्हणजे तू बोललीस ते तिथे दुप्पट महत्त्वाचं होतं. पुन्हा असं दिसलं तर फोटो काढ, ड्रॉइंगचा नंबर घाल आणि स्लॅब भरायच्या आत ईमेल कर. तोंडी सांगितलेलं झटकता येतं, लिहिलेलं नाही. आणि कंपनीचे कागद तर तुझ्याच हातात आहेत!

आयटीत जाण्यात काही वाईट नाही. पण तुझ्या पत्रात त्या कामाविषयी ओढीचा एक शब्द नाही, सगळा जीव साइटमध्ये आहे. घरच्यांना तुझी काळजी वाटते, हे खरं. पण त्यांनी तुला साइटवर काम करताना कधी पाहिलंय का?

ऑन्टॅरिओत, म्हणजे तुझं ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे तिथे, परवान्याशिवाय स्वतःला प्रोफेशनल इंजिनिअर म्हणवता येत नाही. पण प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर किंवा एस्टिमेटर (कामाच्या खर्चाचा अंदाज काढणारी) व्हायला तो परवाना लागत नाही. आधी आपल्याच कंपनीत तशी जागा माग, स्पष्ट शब्दांत. फूट-इंच आणि लाकडी फ्रेमिंग अंगवळणी पडायला थोडा वेळ लागेल. सळयांचं मात्र सोपं आहे, आपली १६ मिलिमीटरची सळई म्हणजे जवळपास तिथली '१५-एम' नावाची सळई.

परवान्याचा अर्जही सुरू कर. हा परवाना देणाऱ्या 'प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टॅरिओ' या संस्थेने मे २०२३ मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली. तुझी नऊ वर्षं तिथे मांडता येतात, फक्त कोणत्या कामात काय निर्णय घेतलेस ते लिहावं लागतं आणि त्याला दुजोरा देणारी माणसं लागतात. जुने साहेब निवृत्त झाले, कंपनी बंद पडली की हेच अडतं. म्हणून त्यांना या आठवड्यातच फोन कर. कायदा आणि नीतिनियमांची परीक्षाही असते, तिला घाबरू नकोस.

आणि बूट, हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे), हातमोजे मापाचे नसतील तर बदलून माग. पुरुषांच्या मापाचा हार्नेस ढिला घालून उंचीवर चढायचं नाही, कितीही घाई असली तरी. धोक्याच्या कामाला नकार द्यायचा हक्क तिथल्या कायद्याने तुला दिलाय, आणि त्याबद्दल नोकरीवरून काढता येत नाही.

कोर्सची फी भरली नसशील तर थांब. वर्षभर हे करून बघ आणि मग मला पुन्हा लिही.