वाचकांचे प्रश्न : वेचणीचा रविवार आणि दशमांशाचा हिशेब

गावात आमची चारच ख्रिस्ती घरं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार नुसतेच जातात. घरी उपासना घ्यायची तर कशी? (एक वाचक, ता. घाटंजी)

पाऊण तास पुरे. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकातली दोन गीतं, कबुलीची प्रार्थना, शास्त्रवाचन, त्यावर दहा मिनिटं बोलणं, मध्यस्थीची प्रार्थना, दान, प्रभूची प्रार्थना. पेटी वाजवणारा नसला तर अडून बसू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग खंजिरीवर छान बसतात, आणि खंजिरी आपल्याकडे कुठंही मिळते.

वाचन मनाला येईल तिथून करू नका. मार्काचं शुभवर्तमान घ्या. अध्याय १६, दर रविवारी एक, म्हणजे चारेक महिने काय वाचायचं याची चिंता नाही. घरची उपासना बहुधा दोन कारणांनी मोडते. एकतर ज्याला चांगलं बोलता येतं तोच दर वेळी बोलतो आणि बाकीचे श्रोते होऊन बसतात, किंवा 'सगळे येऊ द्या' म्हणत नऊचे साडेदहा होतात. म्हणून वाचणारा आणि बोलणारा दर आठवड्याला वेगळ्या घरचा ठेवा, आणि दोन माणसं जमली की सुरू करा. दान दोघांनी मिळून मोजायचं आणि तिथंच वहीत लिहायचं. चार घरांतही हे पाळा. पुढं भांडण होतं ते याच वहीवरून.

पाळक येतात त्या दिवशी प्रभुभोजनासाठी (भाकर-द्राक्षरसाच्या विधीसाठी) द्राक्षरस तालुक्याला मिळत नाही. घरी करता येईल का? (एक भगिनी, ता. दर्यापूर)

येईल, मनुकांचा. पाव किलो काळ्या मनुका कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा आणि एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात कुस्करा, मंद आचेवर १५-२० मिनिटं उकळा, निवलं की सुती कापडातून पिळून गाळा. साखर लागत नाही. पिवळ्या मनुकांचा रस चवीला चालतो, पण रंग चहासारखा येतो.

भांडं स्टीलचं घ्या. तांब्या-पितळेला रसाची आंबट बाजू लागते आणि रस कळकतो. बाटली उकळत्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. शनिवारी केलेला रस रविवारी वापरून संपवायचा. एप्रिल-मे मध्ये बाहेर ठेवलात तर दुसऱ्याच दिवशी फेस धरतो. आणि रस घरी केला म्हणून प्रभुभोजनही घरीच उरकायचं, असं नाही. ते दीक्षित पाळकांच्या हातून व्हावं, ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सारख्या मंडळ्यांची शिस्त आहे. कॅथलिक मिस्सेला आंबवलेला द्राक्षरसच लागतो, त्यांच्यासाठी ही कृती नाही.

दशमांश विकलेल्या पूर्ण कापसावर काढायचा की खर्च वजा करून? कर्ज फेडल्यावर हाती काहीच राहत नाही. (एक शेतकरी, ता. मूर्तिजापूर)

दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात (१४:२२) शब्द आहे तो शेताच्या उत्पन्नाचा. पगारदाराला पूर्ण पगार हेच उत्पन्न. शेतकऱ्याच्या पट्टीवरच्या (विक्रीच्या पावतीवरच्या) आकड्यात मात्र बियाणं, खत, मजुरी हे आधीच जमिनीत घातलेलं असतं. आमच्या मते ते वजा करावं. पण प्रामाणिकपणे.

समजा पाच एकर कोरडवाहू, ३० क्विंटल कापूस, भाव ७,००० रुपये. पट्टी झाली २,१०,००० रुपयांची. बियाणं, खत, फवारणी, निंदण-डवरण, वेचाई, गाडीभाडं मिळून १,२५,००० धरा. उरले ८५,०००, दशमांश ८,५००. आता चूक कुठं होते बघा. पेरणीला ८०,००० पीककर्ज घेतलं होतं. त्याच पैशानं बियाणं-खत आणलं आणि ते खर्चात मांडून झालं. तरी कर्जाची मुद्दल परत वजा केली, तर उरतात ५,००० आणि दशमांश होतो ५०० रुपये! एकच खर्च दोनदा गेला. वजा करायचं ते फक्त व्याज. घरच्या माणसांची मजुरी, मुलीच्या लग्नाचा खर्च, मोटारसायकलचा हप्ता, हेही शेतीच्या खर्चात बसत नाही.

दुसरी अडचण अशी की कापूस एकदम विकला जात नाही. पहिल्या वेच्याचे पैसे दुकानदाराच्या उधारीत जातात, आणि मार्चमध्ये हिशेबाला बसावं तर खिसा रिकामा. वरच्या उदाहरणात ८,५०० म्हणजे पट्टीच्या शेकडा चारच्या आसपास. मग प्रत्येक विक्रीला शंभरामागं चार रुपये त्याच दिवशी पाकिटात टाका आणि हंगाम संपल्यावर कमी-जास्त पुरं करा.

बोंडअळीनं किंवा पावसानं पीक गेलं, खर्चही निघाला नाही, तर दशमांश शून्य. त्यासाठी कर्ज काढू नये. करिंथकरांस दुसरे पत्र ८:१२ स्पष्ट आहे: जे आहे त्याप्रमाणं, नाही त्याप्रमाणं नव्हे. सणाला पायलीभर तूर किंवा परसातला भोपळा वेदीपुढं ठेवा. अनुवाद १४:२८-२९ मधला दर तिसऱ्या वर्षाचा भाग परका, अनाथ, विधवा यांचाही आहे, हे आपल्या मंडळ्या फार विसरतात.

रविवारी कापूस वेचला तर पाप लागतं का? (एक वाचक, ता. आर्वी)

निर्गम ३४:२१ नांगरणी-कापणीच्या दिवसांतही विसावा सांगतं, म्हणजे 'हंगाम आहे' ही सबब तेव्हाही चालत नव्हती. मात्र आभाळ भरून आलं आणि बोंडं फुटलेली आहेत, तर वेचा. भिजलेला कापूस पिवळा पडतो, भाव पडतो. शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल काढायला प्रभूनं मोकळीक दिलीच आहे (लूक १४:५). पण बैल दर रविवारी पडत असेल तर विहिरीला कठडा बांधा: बाया शनिवारी आणि सोमवारी सांगा. गावचा बाजारच रविवारी असेल तर उपासना सकाळी सातला किंवा दिवेलागणीला घ्या.

पोळ्याला काय करावं? बैल तोरणात नेले नाहीत तर गाव बोलतं. (तेच वाचक)

आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेका, पोळ्याला धुवा, शिंगं रंगवा, झूल घाला, पुरणपोळी चारा, जू ठेवू नका. बैलाच्या विसाव्याची आज्ञा अनुवाद ५:१४ मध्येच आहे, त्यात संकोच कसला? तोरणात उभं राहायलाही आमची हरकत नाही. पूजा-आरती तुम्ही करणार नाही, हे मात्र पाटलांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, ऐन तोरणाखाली नको. शेजाऱ्यानं जेवायला बोलावलं तर जा, जेवा. 'हा नैवेद्य आहे' असं सांगून दिलं तर हात जोडून नको म्हणा (करिंथकरांस पहिले पत्र १०:२७-२८). आणि बैल घेऊन सालदार दारी आला की त्याचा बोजारा (पोळ्याची बक्षिसी) चुकवू नका.